सातशे एकोणीस आणि एक

अंधाऱ्या वाड्यांच्या कादंबऱ्या : लेखांक अकरावा

जहाजावरच्या त्या खोलीत आपण थांबलो होतो. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन मरून पडलाय, त्यानेच घडवलेला तो निनावी जीव त्याच्यावर वाकून आक्रोश करतोय, आणि कप्तान वॉल्टन त्याला फटकारतोय की आता पस्तावून उपयोग काय, वेळीच मनाचं ऐकलं असतंस तर हा माणूस जिवंत असता. या सवालाचा निकाल लावून आज ‘वुदरिंग हाइट्स’च्या हीथक्लिफकडे जायचं कबूल केलं होतं. तो आता पुढच्या आठवड्यात. मध्येच पूर्णेच्या एका वाचकांनी अडवलंय.

ते लिहितात, “सर, जिनिव्हा झालं, उत्तर ध्रुव झाला. खून करून पस्तावलेल्या माणसाची अशी एखादी कादंबरी आपल्या भागातली नाही का? का आपल्याकडं नुसता वाल्या कोळी?”

आहे ना! कादंबरी इंग्रजीत आहे, लिहिणारा इंग्रज आहे, पण तिच्या प्रस्तावनेत जी प्रेतं उकरून काढली जातात ती हिंगोलीची आहेत. १ मे १९९९ पर्यंत हिंगोली आपल्याच परभणी जिल्ह्यात होती. ताडकळसहून पूर्णेला जाऊन अकोल्याकडची गाडी धरली की वसमतनंतर हिंगोली येतंच. कधी गेलात तर मोहल्ल्यांची नावं ऐका: पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. निजामाच्या फौजेची छावणी कधीच उठली, नावं मात्र गावाने जपून ठेवली. आजची गोष्ट या छावणीच्या बाजारात सुरू होते.

पुस्तकाचं नाव ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’. एका ठगाचा कबुलीजबाब. लेखक फिलिप मेडोज टेलर. हा १८०८ साली लिव्हरपूलला जन्मला, पंधराव्या वर्षी नोकरीसाठी मुंबईच्या एका पेढीवर आला, पेढीचं काही खरं नाही हे दिसल्यावर १८२४ मध्ये निजामाच्या फौजेत शिरला आणि मग नोकरीचा जवळजवळ सगळा काळ निजामाच्या मुलखातच राहिला. तुळजापूर, शोरापूर, नळदुर्ग ही त्याची गावं. तुळजापूर आणि अफझलखानाच्या स्वारीवरची त्याची ‘तारा’ ही कादंबरी १८६३ ची. पण त्याचं नाव झालं ते १८३९ च्या या पहिल्या पुस्तकाने. ते लंडनमध्ये इतकं गाजलं की राणी व्हिक्टोरियाने छापून होईपर्यंतही दम धरला नाही, मुद्रितं तपासून होतील तशी मागवून घेतली. ही हकीकत टेलरनेच आत्मचरित्रात दिली आहे. प्रकाशक होता रिचर्ड बेंटली. त्याच्याच स्वस्त मालिकेत १८३१ साली मेरी शेलीने स्वतः सुधारलेला ‘फ्रँकेन्स्टाइन’ निघाला होता. म्हणजे हे दोन्ही खुनी एकाच दुकानातून विकले गेले!

आता प्रस्तावनेतली हिंगोली बघा.

छावणीत हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. कापडचोपड विकायचा. साहेबलोकांशी त्याचा व्यवहार असे, खुद्द टेलरचाही होता, आणि टेलरने तो लपवलेला नाही. एकदा या हरीसिंगाने कॅप्टन रेनॉल्ड्सकडे अर्ज केला. जिल्ह्याचा मुलकी कारभार तेव्हा रेनॉल्ड्स पाहत होता. मुंबईहून कापड आणायचंय, परवाना द्यावा, असा अर्ज. परवाना मिळाला. प्रत्यक्षात ते कापड हिंगोलीजवळच्याच एका गावातल्या दुसऱ्या व्यापाऱ्याचं होतं आणि तो व्यापारी स्वतः मालासोबत येत होता. हरीसिंगाने त्याला वाटेत गाठलं. व्यापारी, त्याचे नोकर, बैलं हाकणारे, सगळे मारले. मग सरकारी परवाना दाखवून माल छावणीत आणला आणि उजळ माथ्याने विकला. कुणाला शंकाही आली नाही. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच सांगितलं म्हणून कळलं, आणि सांगताना तो हसत होता. साहेबाचाच शिक्का वापरून साहेबाला बनवलं, याची त्याला भारी मौज वाटत होती.

मग माफीच्या साक्षीदारांनी जागा दाखवायला सुरुवात केली. मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, भर बाजारात माणसं मारलेली होती. पुरलेली होती ती पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर. खड्डे उघडले तेव्हा टेलर तिथे हजर होता. एकेका खड्ड्यात अनेक प्रेतं. साक्षीदार शांतपणे पुढे जायचे, बोट दाखवायचे, इथे खणा, आता इथे. शेतात विहिरीची जागा दाखवणाऱ्या पाणाड्याच्याही चेहऱ्यावर थोडी काळजी असते. यांच्या चेहऱ्यावर तेवढीही नव्हती.

मला या प्रसंगात खड्ड्यांइतकाच काठावर उभा असलेला साहेब महत्त्वाचा वाटतो. वॉल्टनची आठवण येते ना? गॉथिक कादंबरीत पाप्याइतकंच त्याचं ऐकणाऱ्याला महत्त्व असतं. गेल्या तीन लेखांकांत आपण हेच पाहत होतो: वॉल्टन बहिणीला पत्रं लिहितो, पत्रांत व्हिक्टरची कहाणी, तिच्या पोटात त्या जीवाची कहाणी. टेलरनेही हीच मांडणी घेतली. तुरुंगात बसलेला ठग अमीर अली सांगतोय आणि एक अनाम साहेब लिहून घेतोय. मधूनमधून साहेब शहारतो, टोकतो, आणि पुन्हा म्हणतो, पुढे सांग. ठगाच्या पुस्तकाला मी या लेखमालेत ओढलं म्हणून कुणी भुवया उंचावतील, त्यांच्यासाठी हा जबाब. पडका वाडा नाही, विजा कडाडत नाहीत, हे खरं. पण गाडलेली माणसं वर येतात, शकुन-अपशकुन पावलोपावली आहेत, नकळत स्वतःच्याच रक्ताचा घात होतो, आणि ऐकणाऱ्याला कान झाकावेसे वाटत असताना ऐकणं थांबवता येत नाही. बांधणी पक्की गॉथिक आहे.

*

अमीर अलीची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण शेवटच्या एका टाक्यासाठीच मला ती हवी आहे.

लहानपणी आईबापांबरोबर प्रवासाला निघालेला असताना ठगांची टोळी त्या कुटुंबाला गाठते. गोड बोलून सोबत धरते, मग सगळ्यांचे गळे आवळते. पोरगा मात्र टोळीतल्या इस्माईलला आवडतो. तो त्याला घरी नेतो, पोटच्या पोरासारखा वाढवतो आणि वयात आल्यावर धंद्याला लावतो. धंद्याची कामं वाटलेली असतात. वाटसरूला बोलण्यात गुंतवून आणणारा सोथा, रुमालाने गळा आवळणारा भुर्तोत, आधीच खड्डा खणून ठेवणारे लुघाई. अमीर अली देखणा आणि जिभेचा गोड, त्यामुळे पहिल्या दोन्ही कामांत तरबेज होतो. घरी एक लहान बहीण मागे राहिली होती, हे त्याच्या आठवणीतून पुसून गेलेलं असतं.

वर्षं जातात. एका वाटेवर तो एका बाईला मारतो. तिच्या गळ्यात एक जुनं नाणं ताईत म्हणून बांधलेलं असतं. आपल्या लेकीला असा ताईत हवाच होता, म्हणून तो ते नाणं काढून घेतो. ती बाई त्याची सख्खी बहीण होती, हे त्याला फार उशिरा कळतं.

तिथे अमीर अली कोसळतो. आणि तिथे वाचकही त्याला जवळ घेतो. हे टेलरचं कसब. शेकडो पानं ज्याच्या कपटाने अंगावर काटा येत होता, त्याच्यासाठी डोळे भरून येतात. बरेच वाचक इथे पुस्तक मिटून म्हणतात, शेवटी माणूसच तो, पस्तावला बिचारा.

आमच्या ओळीतल्या काकूंनी मात्र पुस्तक मिटू दिलं नाही. काकू काही इंग्रजी वाचत नाहीत. ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या, मी ही गोष्ट रंगवून सांगत होतो. बहिणीपाशी आलो, आवाज जरा खाली आणला. काकूंनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला आणि विचारलं, “अन् ती बहीण नसती निघाली, तर रडला असता का वो त्यो?”

झालं. समीक्षेच्या जाड ग्रंथांत जे चार प्रकरणांत शोधावं लागतं, ते एका ओळीत.

काकूंचा प्रश्न घेऊन पुस्तकाकडे परत गेलं की एक गोष्ट ठळक दिसते. अमीर अली ही कहाणी सांगतोय ती सगळं घडून गेल्यावर. बहिणीचं कळल्यावर, बायको-पोराबाळांचं सुख संपल्यावर, तुरुंगात बसून. तरीही त्याला आपण मारलेल्या माणसांचा आकडा तोंडपाठ आहे: सातशे एकोणीस. आणि मधली बारा वर्षं कैदेत गेली नसती तर हजार झाले असते, याची त्याला रुखरुख आहे! त्या सातशे एकोणीसात बहीणही आलीच. तिच्यापुरता तो रडतो. उरलेल्यांचा हिशेब तो पैलवान कुस्त्या मोजतो तसा मोजतो. ते सगळेही कुणाच्या तरी बहिणी, भाऊ, बाप होते. हा विचार त्याच्या इतक्या जवळून जातो की हात लांबवला तर हाती लागावा. तो हात लांबवत नाही.

म्हणून माझं मत: अमीर अलीला दुःख झालंय, पश्चात्ताप झालेला नाही. आपल्या माणसावर घाव बसला की कुणीही कळवळतो, त्याला साधुत्व लागत नाही.

*

मग कबुलीचं काय? इतकं सगळं खरं खरं सांगितलं, तेही पदरात धरायचं नाही का?

इथे त्या कबुलीमागचा सौदा पाहावा लागतो. जबलपूरला विल्यम स्लीमनने ठगांविरुद्ध मोहीम उभारली ती माफीच्या साक्षीदारांच्या जोरावर. टोळीतला एक धरायचा, त्याने साथीदारांची नावं आणि प्रेतांच्या जागा सांगायच्या, बदल्यात फास टळायचा. सुटका नव्हती, जन्म तुरुंगातच जायचा, पण मान वाचायची. १८३६ च्या कायद्याने तर ठगांच्या टोळीत असणं हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरला. पुढे जबलपूरलाच या साक्षीदारांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी कारखाना निघाला, तिथे तंबू आणि गालिचे विणले जात. अशा ठिकाणी बसून दिलेला कबुलीजबाब कितीही तपशीलवार असला तरी प्रत्येक नावागणिक सांगणाऱ्याची मान थोडी थोडी सुटत असते. आजचे इतिहासकार म्हणूनच या जबान्या जपून वाचतात. किम वॅगनर यांनी २००७ च्या आपल्या पुस्तकात ठगी म्हणजे देवीच्या नावाने चालणारा गूढ पंथ हे साहेबी चित्र बरंच खरवडून काढलंय आणि त्याखालची उपासमार, मोडलेल्या फौजांतले बेकार शिपाई, त्यांना आसरा देणारे जमीनदार दाखवलेत. ऐकणाऱ्या साहेबाला जे ऐकायचं होतं त्याचाही रंग या कबुलीजबाबांना लागलाय.

या जबान्यांतली एक गोष्ट आपल्या विषयाला फार धरून आहे. फिरंगिया हा नामांकित ठग स्लीमनच्या हाती लागला, माफीचा साक्षीदार झाला. तुम्हाला कधी दया येत नाही का, असं विचारल्यावर त्याच्या बोलण्याचा आशय असा होता: येते, आम्हालाही येते, पण तुपोनीचा गूळ आमचा स्वभाव पालटतो. खून पार पडला की चादरीवर बसून टोळी देवीच्या नावाने गूळ खायची, ती ही तुपोनी. तो गूळ घोड्याने खाल्ला तरी त्याचा स्वभाव पालटेल, असा फिरंगियाचा दावा. कादंबरीतही अमीर अलीला हाच गूळ चारून टोळीत घेतात.

ही पळवाट किती सोयीची! केलं ते गुळाने केलं, मी नव्हे. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनही पदोपदी हेच म्हणतो, फक्त तो गुळाच्या जागी नियती ठेवतो. जिनिव्हाच्या सुशिक्षित घरातला पोरगा आणि बुंदेलखंडातला ठग, दोघांच्या तोंडी एकच सबब.

व्हिक्टरचं नाव निघालंच आहे तर त्याच्या घरात वाढलेल्या जस्टिनचा खटला आठवा. नेहमीच्या वाचकांना तो सातव्या लेखांकापासून ठाऊक आहे. व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा, विल्यमचा खून त्या जीवाने केला, तसबिरीचं लॉकेट जस्टिनच्या कपड्यात त्यानेच सारलं, आणि धर्मगुरूने नरकाचा धाक घालून त्या निरपराध पोरीकडून न केलेल्या खुनाची कबुली काढली. व्हिक्टर तिथेच होता. खरं काय ते त्याला ठाऊक होतं. तो आतून जळत होता, रात्र रात्र तळमळत होता, आणि तोंड उघडत नव्हता. लोक वेडा म्हणतील, ही भीती. जस्टिन फासावर गेली.

आता तिघांना एका ओळीत उभं करा. जस्टिन: कबुली आहे, गुन्हाच नाही. अमीर अली: गुन्हा आहे, कबुली आहे, टोचणी फक्त स्वतःच्या घरापुरती. व्हिक्टर: टोचणी पर्वताएवढी, कबुली नाही. कबुली आणि पश्चात्ताप आपण एकाच दावणीला बांधतो, पण या कादंबऱ्यांत त्यांची क्वचितच गाठ पडते. मरताना तर व्हिक्टर वॉल्टनला सांगतो की आपल्या वागण्याची उजळणी केली, त्यात दोष देण्याजोगं काही सापडलं नाही. एवढ्या जन्मभराच्या तळमळीतून शेवटी हे निघालं! त्याची तळमळ जस्टिनपर्यंत कधी पोचलीच नाही, स्वतःभोवतीच फिरत राहिली.

आणि टेलर? खड्ड्याच्या काठावरच्या साहेबालाही एक रुखरुख होती. ठगीचा गवगवा होण्याआधी त्याच्या हद्दीत वाटेवर प्रेतं सापडत होती, त्याने चौकशीही सुरू केली होती, पण पलटणीत परत जाण्याचा हुकूम आला. आत्मचरित्रात तो हळहळतो की मला तिथेच राहू दिलं असतं तर ठगी जगापुढे आणण्याचा पहिला मान माझा असता, तो स्लीमनला गेला. मधल्या वर्षांत आणखी किती वाटसरू मेले असतील, हे दुःख तिथे मानाच्या मागे उभं आहे. माणूस भला होता, त्याच्या हाताखालच्या मुलखात लोकांनी त्याला जीव लावला. भल्या माणसाचंही असं होतं, एवढंच मला दाखवायचंय.

*

पूर्णेच्या वाचकांनी वाल्या कोळ्याला ‘नुसता’ म्हटलंय, ते मला पटत नाही. वाल्याची गोष्ट मोठीच आहे. पण काकूंचा प्रश्न तिला लावून पाहा. वाल्या दर खुनामागे एक खडा रांजणात टाकतो, सात रांजण भरतात. म्हणजे मेलेली माणसं इथेही आकडाच आहेत, सातशे एकोणीससारखी. त्याला हादरा बसतो तो कशाने? बायकापोरं म्हणतात, तुझ्या पापात आमचा वाटा नाही. हादरा घरातूनच आला. रांजणातल्या एकाही खड्याला नाव मिळत नाही. पुढची तपश्चर्या, अंगावरचं वारूळ, रामायण हे सगळं थोर आहे. पण त्या खड्यांच्या विधवांकडे वाल्या परत गेला का, हे गोष्ट सांगत नाही.

तिकडे जाणारी गोष्ट आपल्या शेजारी आहे, आणि ती सांगताना मला जपून बोलायला हवं. नर्सी नामदेव हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथही तिथलंच. औंढ्याला विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपले होते, ती कथा आपल्याला कीर्तनातून पाठ आहे. नामदेवांविषयी आणखी एक आख्यायिका फिरते. मेकॉलिफ या आयरिश लेखकाने १९०९ मध्ये शीख धर्मावर सहा खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदं असल्यामुळे त्याने नामदेवांचं चरित्रही दिलं, आणि त्यात ही आख्यायिका नोंदवली. वारकरी परंपरा ती मानत नाही. तिचे नामदेव बाळपणापासून विठ्ठलाला नैवेद्य भरवणारे. अनेक अभ्यासकही ही कथा नंतरची, एखाद्या दुसऱ्याच नामाची मानतात. मीही ती इतिहास म्हणून सांगत नाही. पण ही कथा रचणाऱ्याला पश्चात्तापाविषयी जे उमगलं होतं ते मला मेरी शेलीच्या बरोबरीचं वाटतं.

कथेतला तरुण वाटमाऱ्यांच्या टोळीत असतो. टोळीने चौऱ्याऐंशी स्वार मारलेले असतात. इकडे औंढ्याच्या नागनाथाला त्याचं जाणंयेणंही चालू. एक दिवस देवळात एक गरीब बाई भुकेल्या लेकरावर खेकसताना दिसते. तो तिला विचारतो, पोराला का रागावतेस? ती म्हणते, याचा बाप त्या चौऱ्याऐंशी स्वारांत होता, आता याला घालू काय?

बस. चौऱ्याऐंशीतला एक आकडा गळून पडतो आणि त्या जागी रडणारं पोर उभं राहतं. ती बाई याची बहीण नाही. नात्याची नाही, गोत्याची नाही. तिच्या रडण्याने याचं घर बुडालेलं नाही. तरी हा मोडतो, जवळ असेल ते देऊन टाकतो आणि ती वाट सोडतो. अमीर अलीने जो हात लांबवला नाही तो इथे लांबलाय.

म्हणून माझ्यापुरती मी कसोटी अशी धरतो. पापी किती रडला हे मोजायचं नाही. तो कुणासाठी रडला, आणि रडून झाल्यावर स्वतःच्या पदरचं काय मोडलं, हे विचारायचं. पहिल्या प्रश्नात अमीर अली नापास. पहिल्यात कसाबसा उत्तीर्ण झाला असं मानलं तरी दुसऱ्यात व्हिक्टर नापास, कारण जस्टिनला वाचवायला फक्त अब्रू मोडावी लागणार होती आणि त्याने ती मोडली नाही. हरीसिंगाला तर परीक्षेलाच बसवता येत नाही.

आणि जहाजावरचा तो निनावी जीव? माझ्या मते या सगळ्या मंडळीत तोच सर्वांत पुढे जातो. वॉल्टन त्याला ढोंगी म्हणतो, घराला स्वतः आग लावून राखेत बसून रडणारा म्हणतो. पण तो जीव क्लेर्व्हालचं नाव घेतो. व्हिक्टरच्या त्या मित्राने याचं काही बिघडवलं नव्हतं, याच्यावर अन्याय केला नव्हता. त्याचा गळा आवळताना ऐकलेलं कण्हणं आपल्याला गोड लागलं असेल का, असं तो वॉल्टनला विचारतो. परक्याचा जीव त्याला आठवतो, कुणी न विचारता. आणि पुढे तो कसलाही सौदा करत नाही. माफी मागून मान सोडवून घ्यायची नाही, माफीचा साक्षीदार व्हायचं नाही. उत्तरेकडे जाऊन स्वतःची चिता रचीन म्हणतो आणि खिडकीतून उडी टाकून निघून जातो.

मग तो सुटला का? विल्यम, क्लेर्व्हाल, व्हिक्टरची बायको एलिझाबेथ त्याच्या हातून गेले, जस्टिन त्याने रचलेल्या पुराव्याने गेली. माफ करण्याचा हक्क त्यांचा होता आणि ते नाहीत. वॉल्टनला तो हक्क नाही, मला नाही, तुम्हाला नाही. मेरी शेलीने चिता पेटलेली दाखवली नाही, याचं कारण मला हेच वाटतं. निकाल द्यायला कुणी शिल्लकच ठेवलेलं नाही. पश्चात्तापाने देणं फिटत नाही. घेणेकरी कोण हे मात्र ओळखता येतं, आणि तेवढं ओळखणारा माणसांत मोजावा, एवढं माप मी त्या जीवाच्या पदरात टाकतो. औंढ्याच्या कथेतही त्या बाईने माफ केलं, असं कुठे येत नाही हे लक्षात घ्या. तिला ते कुणी विचारतही नाही. कथा रचणारा शहाणा होता.

ज्यांना टेलर वाचायचाय त्यांनी प्रस्तावना गाळू नये, हिंगोली तिथेच आहे. पुस्तक जाड आहे, मधले प्रवास भराभर उलटले तरी चालतील, पण ताईताचा धागा सोडू नका. हिंगोलीच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी छावणीच्या काळचे कागद, नकाशे असतील तर जरूर कळवा. ‘आमच्या आळीतच ते खड्डे होते’ अशा तीन जणांच्या तीन आळ्या मला आजवर दाखवून झाल्यात, त्यामुळे ऐकीव नको.

नारायण धारपांवर कधी लिहिणार, असं विचारणाऱ्यांची संख्या वाढतेय. लिहिणार आहे, पण ड्रॅक्युला झाल्याशिवाय धारप घेता येत नाहीत, आणि ड्रॅक्युलाच्या आधी हीथक्लिफ. त्याच्यासमोर आजची कसोटी अडचणीत येते, हे आधीच सांगून ठेवतो. मरायला टेकला असताना हा माणूस शांतपणे म्हणतो की मी कुणावर अन्याय केला नाही आणि मला कशाचाही पस्तावा नाही. दोन कुटुंबं त्याने धुळीला मिळवलेली असतात. तरी पावणेदोनशे वर्षं वाचक त्याच्यावर जीव टाकतायत. काकूंना त्याची गोष्ट अजून सांगितलेली नाही. सांगून बघतो, मग लिहितो.